घरातील गॅस गिझर : बसवण्याची आणि वापरण्याची सुरक्षित रीत

आपल्या वसतिगृहाच्या जुन्या विद्यार्थ्यांना गरम पाण्याची आंघोळ ही दिवाळीपुरती चैन वाटत असे. आज त्यांपैकी अनेकांची घरे पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरांत आहेत. न्हाणीघराच्या भिंतीवर गॅसचा गिझर टांगलेला आहे आणि नळ फिरवताच क्षणभरात गरम पाण्याची धार सुरू होते. ही सोय त्यांनी कष्टाने मिळवली आहे. तिचा उपभोग निर्धास्तपणे घेता यावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

दर हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी येते. न्हाणीघरात गेलेली तरुण व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही. दार तोडले तेव्हा ती निपचित पडलेली होती. ‘गिझरच्या गॅसने गुदमरून मृत्यू’. बातमी वाचणारा गृहीत धरतो की गॅस गळला असावा. प्रत्यक्षात अशा बहुतेक घटनांत गॅस गळालेला नसतो. गिझर चालू असतो, ज्योत पेटलेली असते, पाणी गरम येत असते. चूक इतकीच असते की गॅस नीट जळण्याइतकी हवा खोलीत उरलेली नसते आणि जळलेल्या गॅसला बाहेर जाण्यास वाट नसते. हा फरक ज्याला समजला, त्याला पुढील साऱ्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. त्या आपोआप सुचतात.

बंब, शेगडी आणि गिझर

आपल्या पूर्वजांना हे तत्त्व अनुभवाने ठाऊक होते. तांब्याचा बंब आठवावा. त्याच्या मधोमध एक उभी नळी असते. तिच्या तळाशी जाळ पेटतो, भोवतीचे पाणी तापते आणि धूर नळीतून वर निघून जातो. शिवाय बंब परसदारी किंवा उघड्या अंगणात ठेवला जाई. म्हणजे धुराडे आणि मोकळी हवा या दोन्ही गोष्टी त्या रचनेतच होत्या. याउलट, बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या लावून आत निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची जी रीत होती, ती अत्यंत धोक्याची होती. निखारे धूर करत नाहीत, म्हणून ते निरुपद्रवी आहेत असा समज होता. विषारी वायू मात्र त्यांतूनच सर्वाधिक निघतो.

गॅसवर तत्काळ पाणी तापवणारे यंत्र १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन या कारागिराने तयार केले. आइसलँडमधील ‘गेसिर’ या उष्ण पाण्याच्या कारंज्यावरून त्याला ‘गिझर’ हे नाव मिळाले. मॉनच्या यंत्रात जळलेला वायू बाहेर नेण्याची सोय नव्हती. तो न्हाणीघरातच साचत असे. दीडशे वर्षे उलटून गेली तरी आपल्याकडील असंख्य घरांत आजही धुराड्याविना चालणारे गिझरच टांगलेले आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे विशेष खटकते.

ज्वलनाचे साधे गणित

पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हा मुख्यतः मिथेन असतो. मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ साली तेल आणि वायूचे साठे सापडले, १९९५ साली महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली आणि हळूहळू हा वायू पाइपने घरोघरी पोहोचू लागला. सिलिंडरमधील एलपीजी हा प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असतो. जळण्यासाठी दोघांनाही ऑक्सिजन लागतो. एक लिटर मिथेन पूर्ण जळण्यास दोन लिटर ऑक्सिजन, म्हणजेच सुमारे साडेनऊ ते दहा लिटर हवा लागते. त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते.

आता आपल्या न्हाणीघराचा हिशेब मांडू. मिनिटाला सहा लिटर गरम पाणी देणाऱ्या लहान गिझरची शक्ती साधारण १२ किलोवॉट असते. स्वयंपाकघरातील शेगडीचा मोठा बर्नर दोन ते अडीच किलोवॉटचा असतो. म्हणजे न्हाणीघरात शेगडीचे पाच मोठे बर्नर एकाच वेळी पेटवावेत, तसा हा प्रकार आहे. असा गिझर मिनिटाला सुमारे २० लिटर नैसर्गिक वायू जाळतो आणि त्यासाठी मिनिटाला सुमारे २०० लिटर हवा वापरतो. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवा किती मावते? साधारण ५,४०० लिटर. खोली पूर्ण बंद असेल तर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण चार-पाच मिनिटांतच २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत खाली येते. दहा मिनिटांत एक तृतीयांशाहून अधिक हवा ज्योतीने वापरलेली असते. सिलिंडरवरील गिझरचाही हिशेब जवळपास असाच येतो.

कोणतीही खोली पूर्णपणे हवाबंद नसते, हे खरे. परंतु थंडीच्या दिवसांत झरोक्याला पुठ्ठा लावणे, खिडकीच्या काचेच्या पट्ट्या घट्ट मिटवणे, दाराच्या फटीत फडके कोंबणे हे आपणच करतो आणि खोली हवाबंद होण्याच्या जवळ नेतो. ऑक्सिजन कमी पडू लागला की मिथेनमधील कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. येथून खरा धोका सुरू होतो.

न दिसणारा, वास नसलेला वायू

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही आणि त्याने खोकलाही येत नाही. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले की हा वायू रक्तातील तांबड्या द्रव्याला, हिमोग्लोबिनला, चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. त्याची ही ओढ ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक असते. त्यामुळे हवेतील त्याचे अल्प प्रमाणही घातक ठरते. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे १,६०० भाग, म्हणजे केवळ ०.१६ टक्के असले, तरी वीस मिनिटांत डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू होते आणि एक-दोन तासांत मृत्यू ओढवतो. हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या पुढे गेले तर दोन-तीन मिनिटेही पुरतात.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात कोळसा खाणींतील मृत्यूंचा अभ्यास केला. स्फोटानंतर खाणीत मरणाऱ्यांपैकी अनेकांचा बळी याच वायूने घेतला होता, हे त्यांनी सिद्ध केले. माणसाआधी लहान प्राण्यांवर वायूचा परिणाम दिसतो, म्हणून कॅनरी पक्षी खाणीत सोबत न्यावेत असे त्यांनी सुचवले. ब्रिटनच्या खाणींत ही प्रथा १९८६ पर्यंत टिकली. त्यांचे पुत्र, विख्यात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली भारतात स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

धुराडे असूनही ते तुंबलेले असले तर काय होते, याचे उदाहरण जागतिक साहित्याच्या इतिहासात आहे. निरपराध ज्यू अधिकारी द्रेफ्यूस यांच्या बाजूने १८९८ साली उभे राहून फ्रान्सच्या सत्ताधाऱ्यांना जाहीर जाब विचारणारे कादंबरीकार एमिल झोला २९ सप्टेंबर १९०२ रोजी पॅरिसमधील आपल्या शयनगृहात मृतावस्थेत आढळले. खोलीतील शेकोटीची चिमणी तुंबलेली होती आणि कार्बन मोनॉक्साइड रात्रभर खोलीत साचला होता. त्यांची पत्नी वाचली. चिमणी कोणी मुद्दाम बंद केली काय, असा संशय पुढे व्यक्त झाला. ते काहीही असो, धुराड्याने काम करणे थांबवले आणि एक निर्भय लेखणी थांबली, एवढे मात्र खरे.

गिझरचे तीन प्रकार

बाजारात मिळणारे गॅस गिझर त्यांच्या श्वासाच्या मार्गावरून तीन गटांत विभागता येतात.

पहिला प्रकार धुराड्याविना चालणाऱ्या गिझरचा. तो खोलीतील हवा घेतो आणि जळलेला वायू खोलीतच सोडतो. किमतीला स्वस्त आणि बसवायला सोपा असल्याने तोच सर्वाधिक दिसतो. बंद न्हाणीघरात त्याला जागा नाही. तो उघड्या गॅलरीत किंवा बाहेरच्या मोकळ्या जागेत लावावा आणि तेथून गरम पाणी पाइपने आत आणावे.

दुसरा प्रकार धुराड्याच्या गिझरचा. हा हवा खोलीतून घेतो. जळलेला वायू मात्र धातूच्या नळीतून, जिला दुकानदार फ्लू पाइप म्हणतात, घराबाहेर सोडतो. काही गिझरांत गरम वायू आपोआप वर चढतो, तर काहींत छोटा पंखा त्याला बाहेर ढकलतो. जळलेल्या वायूची वाट येथे सुटली, तरी आत येणाऱ्या हवेचा प्रश्न उरतोच. त्यामुळे खोलीला कायम उघडा झरोका हवाच.

तिसरा प्रकार बंदिस्त ज्वलनकक्षाचा. तो हवाही बाहेरून घेतो आणि जळलेला वायूही बाहेरच सोडतो. खोलीतील हवेशी त्याचा संबंध येत नाही. तिन्हींत हा सर्वांत सुरक्षित आणि अर्थातच महाग.

ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार न्हाणीघरात नवे गॅस उपकरण बसवायचे असेल तर ते या तिसऱ्या प्रकारचेच असावे लागते. इतर प्रकारांना तेथे मनाई आहे. ज्या शहरात पहिला गिझर जन्मला, त्या देशाने अनुभवाअंती काढलेला हा निष्कर्ष आपण लक्षात ठेवण्याजोगा आहे.

बसवताना

पहिली गोष्ट जागेची. शक्य असेल तर कोणत्याही प्रकारचा गिझर न्हाणीघराबाहेरच बसवावा. पाइपच्या चार-पाच फुटांचा वाढीव खर्च हा या लेखातील सर्वांत स्वस्त विमा आहे.

दुसरी गोष्ट इंधनाची. एलपीजीचा गिझर आणि पाइपच्या नैसर्गिक वायूचा गिझर दिसायला सारखे असले तरी आतून वेगळे असतात. एलपीजीची उष्णता घनफळामागे कितीतरी अधिक असते, म्हणून त्याच्या बर्नरची छिद्रे बारीक असतात. दोन्ही वायूंचा दाबही निराळा असतो. नैसर्गिक वायूसाठी केलेल्या गिझरला सिलिंडर जोडला तर गरजेपेक्षा कितीतरी अधिक गॅस येतो, ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि विषारी वायू भरमसाट निघतो. सोसायटीत पाइपचा गॅस आला की शेगडीचे जेट बदलले जातात. गिझरचा विसर पडतो. तोही कंपनीच्या तंत्रज्ञाकडून बदलून घ्यावा, बदलता येत नसेल तर नवा घ्यावा. खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे. एलपीजीवरील लहान घरगुती गिझरांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५५५८ हे स्वतंत्र मानक आहे.

तिसरी गोष्ट धुराड्याची. नळी गंज न धरणाऱ्या पोलादाची असावी आणि गिझरच्या तोंडाएवढ्याच व्यासाची असावी. मध्येच ती अरुंद करू नये. पंखा नसलेल्या गिझरची नळी प्रथम सरळ वर जाऊ द्यावी. आडवा भाग शक्य तितका लहान ठेवावा आणि तोही बाहेरच्या बाजूस चढता असावा. वळणे कमीत कमी असावीत, कारण प्रत्येक वळण वायूचा वेग कमी करते. पंख्याच्या गिझरची रचना निराळी असते. तेथे कंपनीच्या पुस्तिकेतील उताराची सूचना पाळावी. स्वयंपाकघरातील चिमणीची लवचीक नळी येथे वापरू नये आणि दोन्ही नळ्या एकमेकींना जोडू नयेत.

नळीचे तोंड मोकळ्या हवेत उघडले पाहिजे. आपल्या इमारतींत सर्वांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या एकाच अरुंद डक्टमध्ये उघडतात. त्या डक्टमध्ये धूर सोडणे म्हणजे वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या घरात तो पाठवणे होय. खिडकीजवळ, काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत किंवा पोटमाळ्यावर नळी उघडू नये. तोंडाला पावसापासून रक्षण करणारी टोपी आणि जाळी हवी. आपल्या शहरांत कबुतरांना घरट्यासाठी अशी ऊबदार नळी फार आवडते. झोलांच्या चिमणीची आठवण येथे ठेवावी.

चौथी गोष्ट आत येणाऱ्या हवेची. दाराच्या खालच्या भागात झडपेची जाळी आणि भिंतीत वर कायम उघडा झरोका, अशा दोन वाटा हव्यात. येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. अनेक जण धुराड्याचा गिझर असलेल्या न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा लावतात आणि निश्चिंत होतात. परंतु आत हवा येण्यास पुरेशी वाट नसेल तर तो पंखा हवा कोठून ओढणार? तो धुराड्यातूनच ओढतो, आणि बाहेर निघालेला वायू उलट फिरून खोलीत येतो. स्वयंपाकघरातील मोठी चिमणीही लहान घरात हाच उलटा प्रवाह निर्माण करू शकते.

पंखा नसलेल्या धुराड्याची परीक्षा घरी घेता येते. घराची दारे-खिडक्या लावून एक्झॉस्ट पंखे आणि स्वयंपाकघराची चिमणी सुरू करावी. गिझर पाच मिनिटे चालवावा आणि त्याच्या वरच्या भागाशी, जेथून वायू धुराड्यात शिरतो, तेथे पेटलेली उदबत्ती धरावी. धूर आत ओढला गेला तर प्रवाह योग्य दिशेने आहे. तो खोलीत पसरला किंवा खाली वळला तर गिझर तत्काळ बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि तंत्रज्ञ येईपर्यंत तो वापरू नये. ही परीक्षा तंत्रज्ञाच्या तपासणीची जागा घेत नाही. धोका लवकर ओळखण्यापुरतीच ती आहे. गॅसची जोडणी आणि धुराडे ही कामे कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावीत.

वापरताना

न्हाणीघरात गिझर असेल आणि तो हलवणे तूर्त शक्य नसेल, तर एक नियम घरातील प्रत्येकाने पाळावा : दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, आणि मगच आत जाऊन दार लावावे. चालू गिझरखाली शॉवर घेत उभे राहू नये.

घरातील माणसे एकापाठोपाठ एक आंघोळ करतात, तेव्हा आधीच्या आंघोळीतील वायू खोलीतच असतो. त्यामुळे पहिल्यापेक्षा दुसऱ्याला आणि दुसऱ्यापेक्षा शेवटच्याला धोका अधिक. आपल्या अनेक घरांत सर्वांची बादली भरून देऊन शेवटी आंघोळीला जाणारी व्यक्ती म्हणजे घरातील बाई. कपडे धुण्यासाठीही तीच तेथे अधिक वेळ असते. म्हणून दोन आंघोळींच्या मध्ये दार आणि खिडकी उघडून हवा खेळू देणे, हा तिच्या जिवाच्या काळजीचा भाग आहे.

ज्योतीकडे लक्ष असावे. ती निळी आणि स्थिर असावी. पिवळी, लांबट, फडफडणारी ज्योत, गिझरच्या कवचावर काजळी किंवा भिंतीवर काळपट डाग ही अर्धवट ज्वलनाची चिन्हे होत. मात्र ज्योत निळी आहे म्हणून झरोका बंद करण्याची मुभा मिळत नाही. रबरी नळी तिच्यावर छापलेल्या मुदतीत बदलावी. गिझरची आणि धुराड्याची वर्षातून एकदा, शक्यतो हिवाळ्यापूर्वी, साफसफाई व तपासणी करून घ्यावी.

कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्म मिळतो. न्हाणीघराबाहेर, वाफेपासून दूर, कंपनीने सांगितलेल्या उंचीवर तो लावावा आणि त्याची मुदत संपल्यावर बदलावा. गॅसगळतीचा किंवा धुराचा अलार्म हे काम करत नाही. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी, आणि आत जाताना घरात कोणाला तरी सांगून जावे.

गळती हा वेगळा धोका

जळलेल्या वायूचा धोका वेगळा आणि न जळलेल्या गॅसच्या गळतीचा धोका वेगळा. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेत नैसर्गिक वायूचा भीषण स्फोट झाला. त्या शाळेत वाफेवरील मध्यवर्ती व्यवस्थेऐवजी खोल्यांतून गॅसचे हीटर बसवले होते आणि काटकसर म्हणून तेलविहिरींच्या पाइपमधील टाकाऊ वायू घेतला जात होता. त्या वायूला वास नव्हता. इमारतीखाली साचलेली गळती कोणालाच कळली नाही; विजेच्या यंत्राच्या ठिणगीने ती पेटली आणि सुमारे ३०० जणांचा, बहुतांशी विद्यार्थ्यांचा, बळी गेला. त्यानंतर गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मिसळणे तेथे सक्तीचे झाले, आणि आज जगभर हीच पद्धत आहे. आपल्या स्वयंपाकघरात गॅसचा जो वास येतो, त्यामागे त्या मुलांचे मरण आहे.

म्हणून वास आला की दुर्लक्ष करू नये. विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालू असलेलेही बंद करू नये. गॅसची मुख्य चावी बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि बाहेरूनच फोन करावा. एलपीजीसाठी १९०६ हा तातडीचा क्रमांक आहे. पाइपच्या गॅससाठी कंपनीचा क्रमांक बिलावर असतो. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने छताशी साचतो आणि एलपीजी जड असल्याने जमिनीलगत. गळतीचा अलार्म लावताना हे ध्यानात ठेवावे. सांधा तपासायचा तर साबणाच्या पाण्याने. काडी पेटवून कधीही नाही.

कोणी बेशुद्ध पडल्यास

डोके जड होणे, चक्कर, मळमळ, पायांतील बळ जाणे ही पहिली लक्षणे होत. आंघोळ करताना असे वाटले तर अंग पुसण्यासाठीही थांबू नये. गिझर बंद करून बाहेर यावे. पुष्कळदा पाय आधी जातात आणि मग आवाज देण्याचेही बळ उरत नाही. काहींना झटके येतात. ते अपस्माराचे समजून वर्षानुवर्षे औषधे चालू राहण्याचा धोका असतो. आंघोळीच्या वेळीच झटका आला असेल तर डॉक्टरांना गिझरविषयी आवर्जून सांगावे.

आतून उत्तर आले नाही तर वेळ न दवडता दार उघडावे किंवा तोडावे, गॅस बंद करावा, व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे. वाचवणाऱ्यानेही आत रेंगाळू नये. श्वास थांबला असेल आणि येत असेल तर कृत्रिम श्वास द्यावा. ११२ किंवा १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. ‘गॅस गिझर चालू होता’ हे वाक्य डॉक्टरांना प्रथम सांगावे. कोविडनंतर घरोघरी आलेला बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर येथे फसवतो : विषारी वायूने व्यापलेले रक्तही त्याला ऑक्सिजनयुक्त वाटते आणि आकडा ९८ दाखवतो. त्यावर विसंबून रुग्णाला घरी ठेवू नये. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे होण्यास चार-पाच तास लागतात. रुग्णालयात शुद्ध ऑक्सिजन दिल्यास ते सुमारे एक-दीड तासात निम्मे होते. गर्भवती, बालके आणि हृदयरुग्ण यांच्या बाबतीत तर जराही चालढकल नको.

पालकांना विनंती

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली मुले-मुली पुढील शिक्षणासाठी आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी शहरांत चार-चार, सहा-सहा जणांत मिळून भाड्याने खोली घेतात. पहाटे एकामागोमाग एक आंघोळी होतात. न्हाणीघर अरुंद, झरोका बंद, गिझर जुना. खोली पाहायला जाणारे पालक भाडे विचारतात, पाणी विचारतात, शेजार विचारतात. त्यासोबत गिझरही पाहावा. धुराडे नसेल तर तो बाहेर हलवून द्यावा किंवा विजेचा बसवावा, असे घरमालकाला सौजन्याने पण ठामपणे सांगावे. ब्रिटनमध्ये भाड्याने दिलेल्या घरातील गॅस उपकरणांची वर्षातून एकदा तपासणी करून घेणे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. आपण येथे निदान मागणी तरी करू शकतो.

अशा मृत्यूनंतर ‘त्याची वेळच भरली होती’ असे म्हटले जाते. हे म्हणणे दुःखाला आधार देण्यासाठी असेल, पण ते खरे नाही. वेळ भरलेली नसते. झरोका भरलेला असतो. कारण कळले की निवारण आपल्या हाती येते, आणि या बाबतीत कारण तर शंभर वर्षांहून अधिक काळ ज्ञात आहे.

ही स्मरणिका बाजूला ठेवण्यापूर्वी वाचकांनी एक काम करावे. आपल्या घरातील गिझरपाशी जाऊन वर पाहावे. त्याला नळी आहे काय, ती कोठे जाते, तिचे तोंड मोकळे आहे काय आणि खोलीत हवा येण्याची वाट उघडी आहे काय, हे चार प्रश्न स्वतःला विचारावेत. एकाचे जरी उत्तर ‘नाही’ आले, तर उद्याचे पाणी चुलीवर, शेगडीवर किंवा विजेवर तापवावे आणि गिझर दुरुस्त होईपर्यंत त्याची चावी बंद ठेवावी.